भादवी म्हशीच्या दुधाची चौकशी

एका जंगलात वाघ दूध पीत असे. हसू नका. आधी नीट बसा आणि ऐका.

नुसता वाघच नाही, त्या जंगलात सगळेच दूध पीत. हरणं पीत, माकडं पीत, साळिंदरं पीत. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी प्रत्येकाचं पोर दात येईपर्यंत आपल्या आईला पिई आणि मग पाला, किडा, मांस, जे काही त्याच्या घराण्यात खात असतील ते खायला लागे. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मग कोल्होजीरावांनी दूधसंघ काढला.

कोल्होजीराव म्हणजे कोल्हाच, बाळांनो. पण संघाचा अध्यक्ष झाला की कोल्ह्यालाही अहो-जाहो करावं लागतं. त्यांनी झाडाझाडावर पाट्या लावल्या: ‘मिशीवर साय, मग भ्यायचं काय!’ हरणांना वाटलं, दूध प्यायलो तर वाघाची भीती जाईल. वाघाला वाटलं, आपण प्यायलो नाही तर हरणं आपल्याला भिणार नाहीत. झालं, सगळे दूध पिऊ लागले. ज्यांना मिशा नव्हत्या तेसुद्धा रांगेत उभे राहिले.

संघाकडे दुभतं जनावर एकच होतं. भादवी म्हैस. भाद्रपदात जन्मली म्हणून भादवी. ती कमी बोले, म्हणून लोक तिला मठ्ठ म्हणत. तिचा हट्ट एकच होता. धार काढायच्या आधी तिचं पारडू सोडायचं. ते कासेला ढुशा देई, चार घोट पिई, भादवी डोळे मिटून पान्हा सोडे आणि मग जे दूध येई ते जंगलाचं. माकडं येऊन ते काढून नेत. पहिली धार पारडाची, हा रिवाज कुणी मोडत नव्हतं.

आता एका म्हशीचं दूध ते किती असणार? रांग लांब होत गेली आणि दूध आधीच संपू लागलं. तेव्हा कोल्होजीरावांनी डॉक्टर बगळ्यांना बोलावलं.

बगळे फार शिकलेले होते. नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन आले होते. ते नेहमी एका पायावर उभे राहत, कारण दोन्ही पाय टेकले की भूमिका घेतल्यासारखं होतं. त्यांनी पलीकडून बांबूच्या नळीत घालून वाढरस आणला. तुमच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात, मोठी माणसं हार्मोन म्हणतात. जंगलात वाढरस म्हणत. साळिंदराचा काटा त्या रसात बुडवायचा आणि म्हशीच्या मानेत टोचायचा. दूध वाढतं.

आणि खरंच वाढलं, बाळांनो. थोडंथोडकं नाही, दुप्पट. कोल्होजीरावांना झेंडूचा हार घातला गेला. बगळ्यांना शाल मिळाली. भादवीला रोज सकाळी टोचणी मिळाली.

काटे येत साळूबाईकडून. साळूबाई ही साळिंदरीण, टेकडीच्या पायथ्याशी बिळात राहणारी. तिचे काटे तसेही गळून पडत. ते ती संघाला देई आणि त्याबद्दल संघ तिला रोज द्रोणभर दूध देई. ते दूध ती स्वतः पीत नसे. तिचा टोकू नावाचा एकुलता एक मुलगा होता, अंगाने किरकोळ. त्याच्या वयाच्या पोरांचे काटे ताठ झाले होते, टोकूचे अजून लवत. दूध पिऊन तो एकदाचा धडधाकट व्हावा, एवढीच साळूबाईची इच्छा होती. ती वाईट बाई नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येणार आहे.

एके दिवशी टिटवी ओरडत आली. टिटवीला काही दिसलं की ती ओरडते, आणि काही दिसलं नाही तर जास्त ओरडते.

“दूध पिऊ नका! दुधात वाढरस आहे! सशाची पोर चार महिन्यांत वयात आली! ही बातमी दहा झाडांवर सांगा, सांगितली नाहीत तर पस्तावाल!”

सशाची पोर चार-सहा महिन्यांत वयात येतेच. सशांत तसंच असतं. पण हे लक्षात कोण घेतो? बातमी दहाच्या जागी शंभर झाडांवर गेली. संध्याकाळपर्यंत हत्तीचं पिल्लू जाड झाल्याचं खापरही दुधावर फोडलं गेलं होतं.

साळूबाईने ते ऐकलं आणि टोकूच्या हातातला द्रोण काढून घेऊन ती तळ्यावर गेली.

“डॉक्टर, एक विचारायचं होतं. तो वाढरस दुधात उतरतो का हो?”

“तसा थोडा वाढरस प्रत्येक आईच्या अंगात असतोच,” बगळे म्हणाले. “तो नैसर्गिकच आहे.”

“पाऊसही नैसर्गिकच आहे. पण पूर आला की मी बिळातलं सामान वर हलवते.”

“बाई, उपमा देऊ नका. शास्त्रात उपमा चालत नाहीत. दुधापासून धोका सिद्ध झालेला नाही.”

“म्हणजे धोका नाही?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“मग आहे?”

“तसंही मी म्हटलं नाही.”

“अहो, पण मी माझ्या पोराला दूध देऊ का नको?”

“तो तुमचा घरगुती प्रश्न झाला,” असं म्हणून बगळ्यांनी एक मासा गिळला.

साळूबाई घरी आली. तिने टोकूला अर्धा द्रोण दिला आणि अर्धा ओतून टाकला. असं केलं की धोका आणि फायदा दोन्ही निम्मे होतील, असा तिचा हिशोब होता. तुमच्या घरातही असे हिशोब चालत असतील, आईला विचारून बघा.

ओरडा वाढला तसा वाघाने दरबार भरवला. दरबारात सगळे एकदम बोलले आणि कुणाचंच कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून समिती नेमण्यात आली. तिचं नाव ‘दुग्धप्राशकांच्या आरोग्यविषयक चिंता तोलन समिती’. नाव उच्चारेपर्यंत निम्म्या लोकांची चिंता संपली. अध्यक्ष डॉक्टर बगळे. रस त्यांनीच आणलेला होता, तेव्हा त्यांच्याहून जास्त माहिती कुणाला असणार? संघातर्फे कोल्होजीराव. ग्राहकांतर्फे मांजर. मांजरीने पहिल्याच बैठकीत दुधाचे सगळे नमुने संपवले आणि ‘चवीत फरक नाही’ असं मत नोंदवलं.

समितीने परीक्षेची एक रीत ठरवली. दुधात वालाचा दाणा भिजत घालायचा. कोंब वाजवीपेक्षा लांब आला तर दुधात वाढरस आहे. कोंब आला. तो वाजवीपेक्षा लांब आहे की वाजवीइतकाच, यावर समितीचं एकमत होईना. वाजवी म्हणजे किती, हे आधी कुणी ठरवलंच नव्हतं.

मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. बेडकाचं एक लहानगं पोर घेतलं, नुसतं डोकं आणि शेपूट असलेलं. त्याच्या डबक्यात रोज थोडं दूध सोडलं आणि लक्ष ठेवलं.

काही दिवसांनी त्याला मागचे पाय फुटले. मग पुढचे फुटले. आणि मग, बाळांनो, त्याची शेपूट नाहीशी झाली!

जंगलात हाहाकार उडाला. माकडांनी आपापल्या शेपट्या हातात धरून ठेवल्या. टिटवीचा तर घसा बसला, तिचं आयुष्य सार्थकी लागलं होतं. पोराचा बाप बेडूक धावत आला आणि म्हणाला, “अहो, आमच्यात असंच होतं! माझंही असंच झालं होतं! मला कुठे शेपूट आहे, बघा!”

“तुम्ही पालक आहात,” बगळे म्हणाले. “तुमचं मत भावनिक आहे. बाजूला व्हा.”

आता तिकडे गोठ्यात काय चाललं होतं ते सांगतो. तिकडे कुणी फिरकत नव्हतं, कारण चिंता दुधाची होती आणि दूध गोठ्याबाहेर मिळत होतं.

भादवीची कास सुजली होती. दगडासारखी कडक झाली होती, आणि हात लावला तर चटका बसेल इतकी तापली होती. दुधातून गाठी येत होत्या. माकडं त्या गाळून टाकत आणि दूध पुढे पाठवत. भादवी खायची पुष्कळ, पण सगळं दुधात जायचं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती झाली होती. आणि एका सकाळी पारडू नेहमीसारखं ढुशी द्यायला आलं, तर भादवीने त्याला लाथ मारली. मारली, आणि मग तीच हंबरत त्याला चाटत बसली. पारडू लांब जाऊन उभं राहिलं. मला हा भाग सांगायला आवडत नाही. आईच्या अंगाला दुखवल्याशिवाय पोराचं पोट भरेना, याहून वाईट गोष्ट जंगलात दुसरी नसेल.

त्या दिवशी भादवी गोठा सोडून समितीपुढे जाऊन उभी राहिली. सगळ्यांना नवल वाटलं.

“मला एक मागायचंय,” ती म्हणाली. “ती टोचणी बंद करा. कास लई ठणकते. पारडाला पाजता येत नाही मला.”

बगळ्यांनी विचारलं, “तुम्ही हे दूध पिता का?”

“मी? नाही. मी देते.”

“मग तुमचा या चौकशीशी संबंध काय? ही समिती दूध पिणाऱ्यांच्या आरोग्याची आहे.”

“पण दुखतंय मला.”

“ते दिसतंच आहे,” कोल्होजीराव कळवळून म्हणाले. “भादवीताई म्हणजे आमच्या संघाच्या माउली. माउलीच्या त्यागाबद्दल आपण टाळ्या वाजवू या.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मांजरीनेसुद्धा वाजवल्या. टाळ्या संपल्यावर पुढचा विषय घेण्यात आला.

परतीच्या वाटेवर भादवीला साळूबाई भेटली. ती समितीचा निर्णय काय लागतो ते ऐकायला निघाली होती.

“अगं भादवी, तूच सांग बाई आता. तुझ्या दुधाने माझ्या टोकूला काही होईल का गं?”

भादवी म्हणाली, “तुमच्या टोकूला काय होईल ते मला ठाऊक नाही, साळूताई. मला काय होतंय ते बघा.” आणि तिने मागचा पाय बाजूला घेतला.

साळूबाईने पाहिलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं नव्हतं ते, खरंच आलं.

“काटा तुमचा असतो,” भादवी म्हणाली. “तुम्ही देऊ नका. तुम्ही नाही दिला तर ते मला टोचणार कशाने? दूध कमी होईल, पण होईल. पारडाचं भागेल. उरेल ते तुमच्या टोकूला पहिल्यांदा देईन. वाढरसाशिवायचं.”

बाळांनो, इथे गोष्ट संपू शकत होती. साळूबाईला जे हवं होतं ते तिच्यासमोर उभं राहून बोलत होतं. तिला फक्त हो म्हणायचं होतं.

साळूबाईने बराच विचार केला. काटे दिले नाहीत तर कोल्होजीराव चिडतील. रोजचा द्रोण बंद होईल. भादवी देईन म्हणते, पण म्हशीच्या शब्दाला कुठे शिक्का असतो? आणि समितीने काही सांगितल्याशिवाय आपणच ठरवायचं, हे बरं दिसतं का? आपण काय शिकलेल्या आहोत?

“मला सगळं समजतं गं,” ती भादवीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “मीही आई आहे. असं करते, उद्यापासून काटे धुऊन पाठवते.”

आणि तिने पाठवले, बरं का. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून. शब्दाची पक्की होती ती.

इकडे लोकांची भीती काही जाईना, तेव्हा कोल्होजीरावांनी शेवटचा उपाय काढला. भर दरबारात महाराजांनी स्वतः दूध पिऊन दाखवायचं. आजवर वाघ लोकांना दिसावं म्हणून द्रोणात मिशा बुडवून उठत असे. त्या दिवशी त्याला घागरभर प्यावं लागलं. सगळं जंगल बघायला जमलं होतं. वाघाने घागर रिकामी केली, मिशा पुसल्या आणि डरकाळी फोडली. दूध सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं.

अर्ध्या तासाने वाघ झुडपामागे गेला. मग परत गेला. मग तिकडेच राहिला.

“पाहिलंत?” टिटवी बसलेल्या घशाने ओरडली. “वाढरस!”

“वाघाला दूध पचत नाही, त्यात वाढरसाचा काय संबंध?” बगळे म्हणाले.

“मग त्यांना पाजलंत कशाला?”

“दूध सुरक्षित आहे हे दाखवायला.”

या वादात दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटलं. कोल्होजीरावांनी वाट बघितली नाही, त्याच दिवशी समितीचा निष्कर्ष वाचून दाखवला. ‘दूध पिण्यास हरकत नाही, असे मानण्यास समितीची हरकत नाही.’ लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ढोल वाजले. माकडं नाचली. सगळं जंगल दरबारात होतं, गोठ्यावर कुणीही नव्हतं.

भरदुपारी भादवी उठली. तिने पारडाला पुढे घातलं आणि चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही. ती जंगलाच्या टोकाला, जिथे दलदल आहे आणि माकडं पाय भरतील म्हणून जात नाहीत, तिथे जाऊन चिखलात बसली. थंडगार चिखल कासेला लागला तेव्हा तिने किती तरी दिवसांनी डोळे मिटले. टोचणी थांबली तशी सूज हळूहळू उतरली. दूध फार थोडं राहिलं, पारडाला पुरेल एवढंच. पारडू पुन्हा ढुशा देऊ लागलं. तिचं बरं झालं. एवढं एक बरं झालेलं या गोष्टीत आहे, ते लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी संघाच्या घागरी रिकाम्या होत्या. दुसरा कोणी घाबरला असता. कोल्होजीराव अध्यक्ष होते. ते नदीकाठी गेले, पांढरी शाडू माती आणली, पाण्यात कालवली, दाटपणासाठी बाभळीचा डिंक घातला, आणि झाडाझाडावर नव्या पाट्या लावल्या: ‘आता आले! वाढरसमुक्त! काळजीमुक्त!’

“आधीचं दूध सुरक्षित होतं ना?” कुणीतरी विचारलं.

“होतंच,” कोल्होजीराव म्हणाले. “हे त्याहून सुरक्षित आहे.”

साळूबाई आता शहाणी झाली होती. ती पाटीवर विश्वास ठेवणार नव्हती. तिने समितीकडे परीक्षा मागितली. बगळ्यांनी सगळ्यांदेखत त्या घागरीत वालाचा दाणा भिजत घातला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. कोंब लांब आला नाही. आखूडही आला नाही. कोंबच आला नाही. दाणा कुजून काळा पडला. या वेळी समितीचं लगेच एकमत झालं. वाढरसाचा लवलेशही नसलेलं इतकं शुद्ध दूध समितीने आजवर पाहिलं नव्हतं. बगळ्यांनी घागरीवर शिक्का मारला.

आणि ते खरंच होतं. त्यात वाढरस नव्हता. कोल्होजीराव आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले होते.

साळूबाईने त्या दिवशी टोकूला पूर्ण द्रोण दिला. अर्धा ओतून टाकला नाही. टोकूने तोंड वाकडं केलं, पण प्यायला. मग रोज पिऊ लागला. साळूबाईला रात्री शांत झोप लागू लागली.

पावसाळा संपला. बाकीची पोरं वाढली. टोकू आहे तेवढाच राहिला, उलट थोडा सुकला. त्याचे लवणारे काटे एक-एक करून गळू लागले. शेजारणी काळजीने विचारू लागल्या, “अगं साळूबाई, तुझा टोकू काही वाढत नाही गं.”

साळूबाईने टोकूला जवळ घेतलं. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

“वाढेल कसा?” ती म्हणाली. “दुधात वाढरस नाहीच मुळी!”

तात्पर्य: आपल्या पोटात काय जातं याची प्रत्येकाने कसून चौकशी करावी. दुधात काय नाही, हे शिक्का बघून खात्रीने ओळखता येतं. दुधात दूध आहे का, हा प्रश्न मात्र काढू नये, त्यासाठी वेगळी समिती लागेल. आणि काही झालं तरी म्हशीला विचारू नये. ती उत्तर देते.